फेरिस्तीतली नावे

कागद जपण्याच्या बाबतीत पुणे शहराचा लौकिक मोठा आहे. कौन्सिल हॉलच्या परिसरातील पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. त्यांतून वेचलेल्या कागदांचे ४५ खंड रियासतकार सरदेसायांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत सिद्ध केले. आणि राजवाडे व मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने जो संग्रह केला, त्याच्या जोरावर मराठ्यांच्या इतिहासाची कितीतरी प्रकरणे नव्याने लिहिली गेली. अशा शहरात, ग्रंथपालाची नोकरी संपवून, काही मैत्रिणींच्या सोबतीने मी स्त्रियांच्या कागदपत्रांचा एक लहानसा संग्रह उभा करावयास निघाले, तेव्हा भेटेल तो सज्जन मला काहीशा अनुकंपेने विचारी, ‘बाई, उद्योग चांगला आहे, पण कागद आणणार कोठून? बायकांनी लिहिले असेल तर ना!’

या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर आधी दप्तराकडेच वळावे लागते. पेशवाईतल्या कागदांत स्त्रिया नाहीत असे ज्यांना वाटते, त्यांनी तो रुमाल सोडून पाहिलेला नसतो. स्त्रिया तेथे आहेत, आणि थोड्याथोडक्या नाहीत: कुणबीण किती रुपयांस घेतली अथवा दिली, तिला कोणत्या कोठीकडे कामास लावले, बदअमलाच्या आरोपावरून कोणास कैद झाली, विधवेने पाट लावला तेव्हा सरकारात पाटदाम किती जमा झाला, या सर्वांच्या नोंदी कारकुनाने वळणदार मोडीत केलेल्या आहेत. मात्र सरकारचे काही येणे असले की बाई कागदावर येते आणि येणे फिटले की नाहीशी होते. ती कोठून आली होती, पुढे तिचे काय झाले, हे विचारण्याचे कारकुनास प्रयोजन नव्हते. मोठ्या घरच्या स्त्रियांची गोष्ट वेगळी. गोपिकाबाईंची पत्रे आहेत. थोरल्या माधवरावांच्या पाठोपाठ १७७२ साली थेऊर येथे सती गेलेल्या रमाबाईंचे वृंदावन आहे. आणि आनंदीबाईंचे तर काय सांगावे? ‘ध’चा ‘मा’ केल्याची गोष्ट पुण्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असते; तो खाडाखोड केलेला कागद मात्र कोणी काढून दाखवीत नाही. कागदाचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या शहराने आपल्या सर्वांत प्रसिद्ध स्त्रीला कागदावाचूनच दोषी ठरवून टाकावे, हे मला नेहमीच नवलाचे वाटत आले आहे.

तात्पर्य, कागदांची वाण नव्हती. वाण होती ती फेरिस्तीची, म्हणजे कागदांच्या सूचीची. दप्तराची फेरिस्त ज्यांनी केली त्यांनी ती जमीन, जकात, वतन, खासगी अशा सदरांखाली केली, आणि त्यांच्या कामाला ती सदरे पुरेशी होती. परंतु एखादी स्त्री शोधावयाची तर ती या चारही सदरांत विखुरलेली सापडते, आणि कोणत्याही सदराच्या मथळ्यावर तिचे नाव नसते. घराघरांतल्या कागदांचीही तीच कथा. ‘वडिलांचे कागद’ म्हणून जे गाठोडे आमच्या हाती येई, त्यात अर्धे कागद आईचे निघत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून छापील साधने विपुल होतात, आणि तेथे आमच्यासारख्यांना नव्याने सांगण्याजोगे फारसे उरत नाही. १८४८ साली भिडे वाड्यात भरलेली मुलींची शाळा, १८८२ सालची ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ आणि पंडिता रमाबाईंचा आर्य महिला समाज, १८८४ साली निघालेली आणि पेशव्यांच्या हुजुरातीच्या पागेच्या जागेमुळे हुजूरपागा हेच नाव पडलेली मुलींची शाळा, हिंगण्याचा आश्रम, १९०९ सालचे सेवासदन ही सर्व नामावळी शाळेच्या पुस्तकांतून आली आहे. परंतु याच प्रसिद्ध स्त्रियांची पत्रके (ग्रंथालयाच्या भाषेत कार्डे) लिहावयास बसले, तेव्हा पहिल्याच दिवशी अडखळायला झाले. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे माहेरच्या कुर्लेकरांची यमुनाच. शारदासदनात नाव घालणाऱ्या पहिल्या विधवांपैकी असलेल्या गोदूबाई जोशी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झाल्या, आनंदीबाई कर्वे झाल्या आणि पुढे सगळ्या गावाच्या बाया कर्वे झाल्या. ज्यांची चरित्रे छापली गेली त्यांची ही स्थिती, तर ज्यांची कोणी ओळही लिहिली नाही त्यांची काय असेल? लग्नाआधीच्या शाळेच्या पटावर एक नाव, लग्नपत्रिकेवर दुसरे, सासूने हाक मारावयाचे तिसरे, आणि पत्राखाली नुसतेच ‘तुझी आई’. आमच्या संग्रहात ‘आई’ या एका नावाखाली पत्रांचे दोन खोके कित्येक दिवस तसेच पडून होते. अखेरीस आम्ही नियम केला तो असा की, ती स्त्री स्वतः ज्या नावाने सही करीत असे, ते तिचे मुख्य पत्रक. बाकीच्या प्रत्येक नावाचे वेगळे पत्रक करून त्यावर ‘पाहा’ असे लिहून मुख्य नावाकडे बोट दाखवावयाचे. एकेका बाईची पाच-सहा पत्रके होऊ लागली. पेट्या भरल्या, खर्च वाढला, आमच्या हिशेबतपासनिसांनी भुवया उंचावल्या. परंतु नात माहेरच्या नावाने आजीला शोधू लागली आणि ती सापडू लागली.

कागद आले कोठून, याचे उत्तर तीन ठिकाणी आहे: माळा, ट्रंक आणि रद्दी. पुण्याच्या पेठांत कोणत्या घरात जुने कागद असतील हे ठरविण्याचा आमचा पहिला प्रश्न असे तो घर किती जुने हा नव्हे, तर १२ जुलै १९६१ रोजी पाणी किती चढले होते हा. पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतून जे वाहून गेले त्यात भांडीकुंडी आणि धान्य यांची नुकसानी सरकारने मोजली. लग्नाचे फोटो, माहेरची पत्रे, ओव्यांच्या वह्या यांचा पंचनामा कोण करणार? जेथे पाणी पोहोचले नाही तेथे पुढे वाडे पाडून इमारती उठल्या. वाडा रिकामा करावयाचा म्हणजे आठ दिवसांत सात पिढ्यांचा संसार आवरावयाचा, आणि अशा घाईत खरेदीखत, मृत्युपत्र, मिळकतीचा उतारा एवढे हाती ठेवून बाकीचा कागद पोत्यात भरला जातो. हे पोते ज्यांच्या हाती जाते त्या स्त्रियाच आमच्या सर्वांत भरवशाच्या साहाय्यकर्त्या ठरतील, असे मला आरंभी कोणी सांगितले असते तर खरे वाटले नसते.

कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या स्त्रियांची पुण्यात १९९३ सालापासून संघटना आहे, आणि महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे तिच्या सभासदांजवळ असतात. त्यांच्यापैकी एक मावशी आमच्या गल्लीत येत. मी रद्दीवाल्याच्या दुकानात वह्या उपसत बसते हे त्यांनी पाहिले होते. एके दिवशी त्यांनी पोत्यातून फडक्यात बांधलेल्या तीन वह्या काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, ‘ताई, हे छापील न्हाई, हातानं लिवलंय, म्हून बाजूला ठिवलं.’ त्यांना वाचता येत नाही. परंतु छापलेले आणि लिहिलेले यांतला भेद त्या बोटांनी ओळखतात. किंमत विचारली तर म्हणाल्या, ‘रद्दीच्याच भावानं द्या. पर वजन तुमच्या काट्यावर करा, भंगारवाल्याच्या नको.’

त्यातली एक वही जमाखर्चाची होती. वही आमच्या मेजावर आली की तिचा विधी ठरलेला असतो: प्रथम गंजलेल्या टाचण्या सोडवावयाच्या, मग मऊ कुंचल्याने धूळ आणि कसरीचा भुगा झाडावयाचा, कोणी प्रेमाने लावलेली चिकटपट्टी असेल तर तिला तूर्त हात न लावता तशीच नोंदवावयाची (कसर परवडली, पण चिकटपट्टी नको, असे आमच्याकडे म्हणतात), आणि मग प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने, शाईने कदापि नव्हे, क्रमांक घालावयाचा. हा क्रमांक घालताना पाने सावकाश उलटावी लागतात, आणि त्यामुळे जे वाचकाच्या नजरेतून निसटते ते क्रमांक घालणाराच्या नजरेत भरते. वहीच्या पुढल्या बाजूने दूध, कोळसा, गिरणी, भांडेवालीचा पगार असा आणे-पैचा चोख हिशेब होता. आणि वही उलटी करून मागल्या बाजूने, बारीक अक्षरात, नगर वाचन मंदिरातून आणलेल्या पुस्तकांची यादी होती. दर महिन्याच्या हिशेबात ‘किरकोळ’ या सदरी आठ आणे पडलेले दिसत. आधी नाही आणि नंतर नाही, दोन वर्षे मात्र न चुकता. माग काढीत काढीत त्या बाईंच्या कन्येपर्यंत पोहोचलो, त्याही तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. त्या हसून म्हणाल्या, ‘आई दुपारी शिवणाच्या वर्गाला जायची. आजीला सांगितलेलं नव्हतं. हिशेब मात्र रोज रात्री आजोबा तपासायचे, म्हणून ते किरकोळ.’ घरातला पै-पैचा हिशेब देणे जिला भाग होते तिने खोटा आकडा लिहिला नाही, खरा आकडा लिहून त्याला दुसरे नाव दिले. तेव्हापासून कोणतीही वही आली की आमची मंडळी प्रथम ‘किरकोळ’ पाहतात.

ज्यांनी वही धरलीच नाही त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रणावाचून मार्ग नव्हता. हे काम आमच्या आधी मोठ्या तोलामोलाच्या माणसांनी करून ठेवले होते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गावोगाव गाठून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी मावळातल्या आणि इतर भागांतल्या स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून अधिक गोळा केल्या. त्यांच्या पद्धती वाचून आम्ही निघालो. तरी बसल्यावर जे शिकावयास मिळाले ते पुस्तकात नव्हते. मुलगा खोलीत असला की आई त्याच्या वडिलांचे चरित्र सांगते. सून असली की सासू उपदेश करते. चहाची कपबशी उचलली गेली, यंत्र बंद झाले आणि आपण चपला घालू लागलो की मग खरी गोष्ट निघते, आणि ती पुन्हा सांगा म्हटले की, ‘ते काय लिहून घ्यायचंय!’ सालाचा आकडा विचारून उपयोग नसे. पूर, बहात्तरचा दुष्काळ, कोयनेचा भूकंप, थोरल्याचा जन्म या खुंट्यांना बोलणारी बाई सगळे आयुष्य टांगून ठेवी, आणि आम्ही रात्री पंचांग व वर्तमानपत्रे घेऊन त्या खुंट्यांना साले चिकटवीत असू.

भवानी पेठेतल्या एका आजींचे मुद्रण मला विशेष आठवते. त्यांनी उभा जन्म विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली पाने, तंबाखू आणि दोऱ्याची गुंडी. बोलता बोलता बोटे रिकाम्या हवेत पान वळवून शेवट दुमडीत होती. दिवसाला हजार विडी म्हणजे किती तास, पान कोरडे निघाले तर तोटा कोणाचा, कारखान्यातला माणूस मूठभर विड्या वाईट म्हणून बाजूला टाकी त्या पुढे कोठे जात, हे सर्व त्यांनी इतक्या व्यवस्थित सांगितले की एखाद्या चौकशी समितीपुढची साक्ष वाटावी. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला. त्याचा लाभ तुम्हांला काय झाला, असे विचारता त्या म्हणाल्या, ‘मला कसला? कार्ड मालकांच्या नावावर व्हतं. ते रिक्षा चालवायचे.’ कायदा, कार्ड, कारखाना सर्व काही होते. विड्या मात्र नोंदीप्रमाणे एका रिक्षावाल्याने वळलेल्या होत्या. दप्तरातल्या कुणबिणीपासून येथवर दोन शतके लोटली, आणि फेरिस्त करणाराची लेखणी फारशी हललेली नव्हती. कागद वेचणाऱ्या मावशींनी आपले ओळखपत्र माझ्यापुढे धरून त्यावर लिहिलेले नाव मला मोठ्याने वाचावयास लावले होते, त्याचा अर्थ मला या आजींच्या बोलण्याने नीट उमगला.

जमविलेले लोकांपुढे मांडावयाचे म्हणून आम्ही प्रदर्शने भरविली, आणि महिन्यातून एकदा पेठांतून पायी फेरी काढू लागलो. फेरीत जागा दाखवावयाच्या, आणि जागाच तर नाहीशा होत चाललेल्या. भिडे वाडा २०२३ सालच्या डिसेंबरात, स्मारकासाठी का होईना, जमीनदोस्त झाला. तेव्हापासून तेथे उभे राहून, समोर दगडूशेठच्या दर्शनाची गर्दी आणि मागे वाडा नाहीसा झालेली जागा अशा स्थितीत, पहिल्या शाळेविषयी बोलावे लागते. फेरीतल्या मुलींचे प्रश्न फार नेमके असतात. सावित्रीबाईंबरोबर शिकविणाऱ्या फातिमा शेख यांच्याविषयी अधिक सांगा, असे एकीने म्हटले. सावित्रीबाईंनी १८५६ साली नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख येतो, आपल्यामागे कामाचा भार तिच्यावर पडत असेल पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा. त्या एवढ्याशा उल्लेखावर एक अख्खी व्यक्ती उभी आहे. दुसरीने मुक्ताबाईविषयी विचारले. फुल्यांच्या शाळेतल्या या मांग समाजातल्या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’त १८५५ साली छापून आला, तो आजही वाचताना अंगावर काटा येतो. ‘आणि पुढे?’ पुढे तिच्या आयुष्याचे काय झाले ते सांगता येईल असा धागा आमच्याजवळ नाही. अशा वेळी रिकाम्या जागेला रंग फासून कथा पुरी करण्याचा मोह होतो, आणि सभांतून तो मोह न आवरलेली भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. मला वाटते, मुक्ताबाईचा जो निबंध आहे तोच पुरेसा आहे. तो वाचून दाखवावा आणि थांबावे.

येथवर मी नावांचा कैवार घेत आले आहे. परंतु याच कामात अशी एक जागा येते की जेथे नाव न लिहिणे हाच धर्म होता. १८६३ साली फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले तेव्हा विधवांना त्यांनी जे आश्वासन दिले ते गुप्ततेचे होते: येथे या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यावे की ठेवावे ते तुमच्या इच्छेवर. त्या घराच्या उंबरठ्यावर कारकून बसवून नाव, जात, पेठ लिहून घेतली असती तर इतिहासाची सोय झाली असती आणि एकही बाई आत आली नसती. गंज पेठेत फेरी पोहोचली की हे मी मुद्दाम सांगते.

या गोष्टीची कसोटी आमच्यावर अलीकडेच आली. सेवासदनातून परिचारिकेचे शिक्षण घेऊन अनेक वर्षे पेठांतून घरोघरी बाळंतपणे केलेल्या एका बाईंची वही त्यांच्या नातीने आणून दिली. वहीत तारीख, आडनाव, पेठ, मूल, मिळालेले पैसे, आणि पुष्कळ ठिकाणी पैसे न घेतल्याची खूण. काही नोंदींपुढे एकच अक्षर: ‘वि.’ म्हणजे विधवा हे कळावयास मोडी यावी लागत नाही. नातीचे म्हणणे, ‘माझ्या आजीनं काय काम केलं ते गावाला कळू द्या, सगळी वही छापा.’ आमच्यातली सर्वांत तरुण सहकारी तिच्याच बाजूची. ती मला म्हणाली, ‘बाई, आपणच शिकवलंत की बाईचं नाव फेरिस्तीत आलं पाहिजे. आता आपणच ते झाकायला सांगता?’ मी तिला म्हटले, आजीचे नाव मुख्य पत्रकावर पुरे घाल, माहेरचे आणि सासरचे दोन्ही घाल, तिने किती घरी पैसे घेतले नाहीत तेही घाल. पण ज्यांनी तिच्यावर भरवसा ठेवला त्यांची आडनावे त्याच पेठांत अजून दारावरच्या पाट्यांवर आहेत. त्यांच्या वतीने संमती देण्याचा अधिकार ना नातीला, ना आपल्याला. तिचे त्यावर उत्तर असे की, लाज त्या बायकांची नव्हतीच, ती समाजाची होती. आपण वही मिटली तर ती लाज आणखी एक पिढी पोसल्यासारखे होईल. या युक्तिवादात तथ्य नाही असे मला म्हणवत नाही.

तूर्त असे ठरले आहे की, ‘वि.’ची पाने वेगळ्या लखोट्यात मोहोरबंद ठेवावीत, उरलेली वही वाचकांस खुली असावी, आणि फेरिस्तीत लखोट्याची नोंद मात्र स्पष्ट असावी, म्हणजे काही झाकले आहे हे कोणापासून झाकलेले राहू नये. लखोटा केव्हा फोडावा, याविषयी एकमत झालेले नाही. पुढल्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तिने तो विषय पुन्हा घातला आहे, आणि या खेपेस तिचे टिपण माझ्या टिपणाहून लांब आहे.